चाप केसभर मागे

१

"बंदूक आपोआप सुटली," असं कुणी म्हटलं की मी आधी त्या माणसाची बोटं बघतो. तीस वर्षं मी धुळ्याच्या पोलीस शस्त्रागारात आर्मोरर होतो, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारा हवालदार. असे पन्नास तरी 'आपोआप' माझ्यासमोर आले असतील, आणि एकूण एक कुणाच्या ना कुणाच्या बोटाने सुटलेले निघाले.

म्हणून त्या सोमवारी सकाळी माहेनूर आमच्या देवपूरच्या घरी येऊन तेच वाक्य बोलली, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून विचारलं, "बोट कुणाचं होतं?"

"कुणाचंच नाही, नाना. रिव्हॉल्व्हर मालकाच्या कमरेच्या पाऊचमधून निसटलं, केळीच्या वजनकाट्याच्या लोखंडी पायावर आपटलं आणि उडालं. समोर राखणदार बसला होता. गोळी त्याच्या पोटरीला चाटून गेली. तो वाचला, पण आमच्या दुकानाला सील लागलं."

माहेनूर म्हणजे जळगावच्या गफूर मिस्त्रीची नात. वय तिशीच्या आसपास, आयटीआयची फिटर. गफूर चौऱ्याहत्तरचा आहे आणि परवानाधारक बंदूक दुरुस्तीचं जळगावातलं जुनं दुकान त्याचं. हे रिव्हॉल्व्हर फैजपूरचे केळीचे व्यापारी वना नेहेते यांचं. घटनेच्या नऊच दिवस आधी गफूरने ते दुरुस्त करून दिलं होतं. नेहेतेंनी ठाण्यात सांगितलं की म्हाताऱ्याने बोटाने ओढायचा चाप हलका करायला आतली खाच घासली, म्हणून ते उडालं.

"शुक्रवारी सुनावणी आहे," ती म्हणाली. "परवाना असा डाग लागून रद्द झाला तर पुढे माझ्या नावावरही मिळणार नाही. दादाजी जेवत नाहीत, नुसते बसून असतात. ठाण्यातल्या बोरसे मॅडमनी तुमचं नाव सुचवलं. म्हणाल्या, जिल्ह्याच्या आसपास आता हे काम कळणारं दुसरं कुणी उरलं नाही."

"म्हणजे नाइलाज म्हणून आलीस."

"हो," ती म्हणाली. पोरगी सरळ होती, मला आवडली.

आता खरं सांगायचं तर गफूरचं आणि माझं एकोणीस वर्षं बोलणं नव्हतं. एकदा भर साहेबांसमोर तो म्हणाला होता, "पाटील, ही स्प्रिंग उलटी बसवलीय." आणि वैताग हा की ती खरंच उलटी होती. तेव्हापासून जळगावला गेलो तरी त्याच्या गल्लीतून जायचं मी टाळायचो. माहेनूरला हे ठाऊक असणार, कारण उठताना ती म्हणाली, "राग असेल तर तो माझ्यावर काढा. पण नाना, ते उघडून तरी बघा."

माझी सून रूपा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती.  तिने माझी अवजारांची पेटी आणून पायाशी ठेवली.

२

दुपारी जळगावच्या ठाण्यात, निरीक्षक मयुरी बोरसे यांच्या खोलीत टेबलावर जाड कागद अंथरला होता आणि त्यावर ते बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर होतं. कोपऱ्यातल्या बाकावर गफूर बसला होता, शेजारी माहेनूर. दाढी पार पांढरी झालेली, हात मांडीवर. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही त्याच्याकडे पाहिलं नाही. दोघं म्हातारे, पण अक्कल शाळकरी!

सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याचं मी तीनदा पाहिलं. मग चाप सावकाश ओढला आणि सोडला. तो पुढे आला, पण रेंगाळत आला, आणि जागेवर बसायच्या आधी थांबला. केसभर मागे राहिला. बोरसे मॅडमना ते दिसलंसुद्धा नाही.

"पेन्सिल द्या," मी म्हटलं.

नळी वर करून मी तिच्यात पेन्सिल सोडली. चापाला हात न लावता घोड्यावर, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या मागच्या भागावर, पेचकसाच्या लाकडी मुठीने हलकेच ठोकलं. पेन्सिल टुणकन उडाली आणि टेबलावर पडली. मग बोटाने चाप तेवढा केसभर पुढे ढकलून धरला आणि पुन्हा ठोकलं. या वेळी पेन्सिल जागची हलली नाही.

"हे काय?" मॅडमनी विचारलं.

"घोडा आणि गोळी यांच्यामध्ये आत एक पोलादी आडपट्टी असते. चाप पूर्ण पुढे गेला की ती वर येऊन मध्ये उभी राहते. मग घोड्यावर हातोडी हाणलीत तरी काही होत नाही. पण चाप केसभर जरी मागे राहिला तरी पट्टी खाली राहते आणि वाट मोकळी होते. हे काट्यावर आपटलं तेव्हा वाट मोकळी होती. मालक खरं बोलतोय, त्याने चाप ओढला नाही."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचं 'आपोआप' मान्य केलं.

"म्हणजे मिस्त्रींनी खाच घासलीच?"

"थांबा. खाच घासली असती तर चाप हलका झाला असता. हा जड आहे."

पण त्याआधी बाहेरून एक गोष्ट बघायची होती. रिव्हॉल्व्हरच्या कुशीवर एक झाकण असतं, स्क्रूंनी बसवलेलं. प्रत्येक स्क्रूवर टरबुजी रंगाचा छोटा ठिपका होता, अर्धा स्क्रूच्या डोक्यावर आणि अर्धा झाकणावर. ही गफूरची जुनी सवय. काम झालं की बायकोच्या, आबेदाभाभीच्या नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. स्क्रू जरा जरी फिरला तरी ठिपका तडकतो आणि मागाहून कुणी हात घातला ते कळतं. मी भिंगातून एकेक ठिपका पाहिला. सगळे अखंड होते.

"गफूरनंतर हे कुणी उघडलेलं नाही," मी म्हटलं.

बोरसे मॅडमनी पेन खाली ठेवलं. "मग आत जे काही बिघडलंय, ते मिस्त्रींच्याच हातून बिघडलं. दुसरा हात तर लागलाच नाही!"

गफूर पहिल्यांदा हलला. त्याने डोळे मिटून घेतले. स्वतःच्याच सवयीने त्याला पकडून दिलं होतं आणि ते मी माझ्या तोंडाने सांगून बसलो होतो. 

३

झाकण उघडलं. आधी खाच पाहिली. कारखान्यातून निघाली तशी कोरी धार, कानशीचा एक ओरखडा नाही. स्प्रिंग जागच्या जागी होती. म्हाताऱ्याचं काम बघून मला एकोणीस वर्षांचा राग आठवेना.

पण चापाच्या मुळाशी काहीतरी होतं. काळपट तपकिरी, वाळलेला, पातळ थर. त्याच्याखाली पोलाद निळंकाळं पडलं होतं, गंजासारखं तांबूस नव्हे.

"हे तुझं आहे का?" मी विचारलं. एकोणीस वर्षांनंतर त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य!

गफूर उठून टेबलाजवळ आला. "मी रॉकेलने धुतलं, कोरडं केलं आणि मशीनच्या तेलाचा एकेक थेंब दिला. हे माझं नाही, अभिमन. पण मी म्हणून काय उपयोग?"

"तेल जुनं होऊन चिकट झालं असेल," बोरसे मॅडम म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं वावगं नव्हतं. मी काडीवर रॉकेल घेऊन थरावर चोळलं. जुनं तेल असतं तर लगेच सुटलं असतं. हे ढिम्म हललं नाही. मग गरम पाण्यात भिजवलेलं फडकं मिनिटभर लावून धरलं, तेव्हा थर फुगला, मऊ झाला आणि तपकिरी पाणी माझ्या सदऱ्याच्या बाहीवर ओघळलं.

"तेल नाही हे. रॉकेलला दाद देत नाही, पाण्याने भिजतं. आणि आता इकडे बघा." मी भिंग मॅडमच्या हातात दिलं. "चापाच्या फटीशी थर जाड आहे. आत जावं तसा पातळ होत गेलाय आणि झाकणाच्या कडेला तर अजिबात नाही. गफूरने झाकण उघडून काही टाकलं असतं तर सगळीकडे दिसलं असतं. हे पातळ असताना बाहेरून, चापाच्या फटीतून आत गेलंय. त्यासाठी स्क्रू फिरवावे लागत नाहीत."

मॅडम बराच वेळ भिंगातून बघत राहिल्या. "आणि हा पांढरा दोरा?"

फटीच्या काठाला कापसाचे दोन-तीन तंतू अडकले होते. चिमट्याने काढले तर एकमेकांत पीळ घातलेले होते. फडक्याचे असते तर आडवे-उभे असते.

"मुद्दाम कुणीतरी घातलं म्हणता?"

"मुद्दाम."

"काय घातलं? कुणी?"

"माहीत नाही," मी म्हटलं. गफूर आणि माहेनूर दोघं माझ्याकडे बघत होते आणि मला तेवढंच म्हणता आलं. प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागणार होते. शुक्रवार चार दिवसांवर होता.

४

मंगळवारी सकाळी रूपा माझा सदरा घेऊन अंगणात आली. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली की समजायचं, आपली काही खैर नाही.

"बाबा, तुम्ही जळगावला ठाण्यात गेला होतात की बागेत?"

"ठाण्यात. का?"

"मग हा डाग कसा? दोनदा साबण लावला. आता हा सदरा फाटेल, पण डाग जायचा नाही. आमच्या माहेरी प्रत्येकाचे कामाचे कपडे असेच असतात." रूपाचं माहेर यावल तालुक्यातलं, घरात तीन पिढ्या केळी. "केळीचा चीक आहे हा!"

मी खुर्चीतून उठलो.

"चीक लोखंडाला लागला तर?"

"काळं पडतं की लोखंड. विळे बघा ना आमच्याकडचे. आणि वाळला की चिकटून बसतो. तुम्हाला एवढंही माहीत नाही? तीस वर्षं बंदुका उघडल्या म्हणता!"

"धुळ्यात केळी फक्त खातात गं," मी म्हटलं आणि चपला घालायला लागलो.

५

फैजपूरला नेहेतेंच्या ओट्यावर तो वजनकाटा तसाच उभा होता. वना नेहेते साठीचे, अंगाने भक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. मी आर्मोरर आहे म्हटल्यावर त्यांनी पाच मिनिटं गफूरच्या नावाने शंख केला. मी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "इतकी वर्षं हे कुठे होतं?"

"कपाटात. अकरा वर्षं हात लावला नव्हता. निवडणुकीत नियमाप्रमाणे ठाण्यात जमा केलं, परत आलं तर चाप ओढेना. परवान्याच्या नूतनीकरणाला हत्यार दाखवावं लागतं, म्हणून गफूरकडे दिलं. आणलं त्या दिवशी रिकामंच दोनदा ओढून पाहिलं, लोण्यासारखं चाललं."

"आणि ते उडालं त्या दिवशी?"

"ठाण्यात दाखवायला न्यायचं होतं. निघण्याआधी एकदा ओढलं तर जड लागलं. चाप जरा मागेच राहिला. म्हटलं नवीन दुरुस्ती आहे, होईल मोकळा. मग गोळ्या भरल्या."

"दाखवायला न्यायचं तर भरलंत कशाला?"

"रिकामं कमरेला लावून काय फायदा?"

"एका माणसाचा पाय वाचला असता, हा फायदा!" माझा तोल गेला. त्यांनी नजर काट्याकडे वळवली.

म्हणजे गफूरकडून आलं तेव्हा ते ठणठणीत होतं. चीक नंतर पडला, आणि या घरात पडला. हे सांगायची घाई मी केली आणि पस्तावलो. 'चीक' हा शब्द ऐकताच नेहेते ताडकन उठले. "दीपक! माझ्या भावाचा पोरगा! बागेत चिकात लोळतो दिवसभर. माझं हत्यार माझ्यावरच उलटावं म्हणून केलं त्याने! बघतोच त्याला!"

घरात भांडं पडल्याचा आवाज आला. दारात त्यांची बायको कमलबाई उभी होती, चेहरा पांढराफटक. मी नेहेतेंचा हात धरून त्यांना खाली बसवलं. "शुक्रवारपर्यंत तुम्ही या ओट्यावरून हलायचं नाही. नाहीतर बोरसे मॅडमना आत्ता फोन करतो."

गफूरला सोडवायला आलो आणि दुसऱ्याच कुणाच्या गळ्याला फास लावून बसलो, असं मला झालं.

राखणदार झिपरू ओट्याच्या खालच्या अंगाला पायाला पट्टी बांधून बसला होता. चोपड्याकडचा माणूस. मी त्याच्याशी आमच्या अहिराणीत बोललो तसा खुलला. "नाना, मी आठेच बसेल व्हतू. मालकनं बोट चापवर नव्हतं, मी देखं. मनी कोणवर तक्रार नही शे. गोळी चाटी गई, जीव वाचना, बठ्ठं भेटनं." जीव वाचला म्हणजे सगळं मिळालं, असं त्याचं म्हणणं.

"घरात कपाटापर्यंत कधी गेलास?"

"नही हो. पानी बी ओटावरच पेस मी. कपाटनी चावी मालकीनना कंबरले ऱ्हास."

दीपक बागेत घड उतरवत होता. तिशीचा, अंगातला शर्ट मूळचा कोणत्या रंगाचा ते कळायला मार्ग नव्हता. मी विषय काढला तर तो हसला, पण कडवट.

"चीक तर अख्ख्या फैजपूरच्या अंगावर आहे, नाना. भांडण पाण्याच्या पाळीचं आहे. विहीर सामाईक. दोन महिन्यांपूर्वी काका भर गल्लीत ओरडले, विहिरीवर दिसलास तर गोळी घालीन. त्या दिवसापासून मी त्यांचा उंबरा ओलांडला नाही. विचारा कुणालाही."

"काकू?"

त्याने विळा खाली ठेवला. "आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो. काकूने वाढवलं मला. आता रस्त्यात दिसली तरी बोलायची चोरी झालीय." मग पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडे बोट दाखवून म्हणाला, "ते कुलूप बघा, तिसरं आहे. चिकाच्या हाताने कुलूप लावू नका, आत गेला की वाळून जाम होतं, फोडावं लागतं, असं काकू रोज ओरडायची. आणि आम्ही रोज विसरायचो."

मी त्या कुलपाकडे बघत उभा राहिलो. मग वळलो आणि तरातरा गावाकडे निघालो. अडुसष्टाव्या वर्षी जेवढं तरातरा जाता येतं तेवढं.

६

कमलबाई मागच्या पडवीत बसल्या होत्या. समोर सुपात कापूस. मांडीवर तळहाताने त्या वाती वळत होत्या. मला पाहून उठल्या, भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढून आणलं आणि पुन्हा वाती वळायला बसल्या. कंबरेला चाव्यांचा जुडगा. नेहेते पुढे ओट्यावर फोनवर कुणावर तरी खेकसत होते.

मी दोन घास खाल्ले. भरीत उत्तम होतं, पण मी ताट बाजूला ठेवलं.

"वहिनी, एक वात द्या बरं."

त्यांनी दिली. मी ती उलगडली. पीळ घातलेले तंतू. खिशातल्या कागदावर, रिव्हॉल्व्हरमध्ये सापडलेल्या तंतूंचा फोटो बोरसे मॅडमनी छापून दिला होता. तो वातीशेजारी ठेवला.

"चीक कुणाच्याही अंगावर असेल," मी हळूच म्हटलं. "पण तो थेंबथेंब बारीक फटीत सोडायला कुणीतरी वात वापरली. बागेतल्या माणसाला वात सुचत नाही. कपाटाची चावी तुमच्याकडे. आणि चिकाने कुलूप जाम होतं हे या गावात सगळ्यांना माहीत असेल, पण रोज सांगणाऱ्या तुम्ही एकट्याच. वहिनी, ते उडावं म्हणून तुम्ही हे केलं नाही. ते कधीच उडू नये म्हणून केलंत."

त्यांचा हात थांबला. मग डोळ्यांतून पाणी आलं.

"अकरा वर्षं ते कपाटात मेल्यावानी पडेल होतं, भाऊ. मले त्याचं भय नव्हतं. आन् हे दीपकले गोळी घालीन म्हणाले. आन् मग तेच रिव्हॉल्व्हर दुरुस्तीले पाठवलं. मले काय वाटलं असेल? निवडणूक, नूतनीकरण, मले कोण सांगते? मले वाटलं, लेकराले मारायचीच तयारी चालली." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मी त्याले न्हाऊ घातलंय, भाऊ. परसातला केळीचा दांडा कापला, वातीनं चीक घेतला आन् सोडला आत. म्हटलं, कुलपासारखं जाम होईल. कायमचं. झिपरूच्या पायाले पट्टी पाहून मी तीन रात्री झोपली नाही."

"चीक कमी पडला," मी म्हटलं. "पूर्ण जाम झालं असतं तर कुणाला काही झालं नसतं. नुसतं रेंगाळलं, म्हणून जिवावर आलं. आता ऐका, जळगावला चौऱ्याहत्तर वर्षांचा एक माणूस न केलेल्या चुकीसाठी उपाशी बसलाय. शुक्रवारी मला खरं लिहावं लागेल. मी लिहिण्याआधी तुम्ही बोललात तर बरं."

त्यांनी सूप बाजूला सारलं. "मीच बोलते. पण यांच्या गाडीतून मी जाणार नाही. दीपकले सांगा, काकूले न्यायले ये."

७

शुक्रवारी कमलबाई दीपकच्या मागे मोटारसायकलवर बसून जळगावला आल्या. साठ किलोमीटर! नेहेते आपल्या गाडीतून आधीच पोहोचले होते. बायकोला पुतण्याच्या गाडीवरून उतरताना पाहून त्यांचं तोंड उघडं राहिलं.

सुनावणी घेणाऱ्या साहेबांसमोर मी माझा अहवाल वाचला. मग कमलबाई उभ्या राहिल्या आणि सगळं सांगून टाकलं, एकदाही न अडखळता. दांडा, वात, चीक, कुलूप. शेवटी गफूरकडे वळून हात जोडले. "तुमच्या कामात काही खोट नव्हती, बाबा. माझ्यामुळे तुमच्यावर आलं."

गफूरनेही हात जोडले. 

नेहेतेंचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "कमल, तू मला एवढी भ्यायलीस?"

"तुम्हाले नाही. तुमच्या रागाले."

"अगं, मी... बोलण्यातलं बोलणं होतं ते! दीपकवर मी हात तरी उचलेन का?"

"मले कसं कळावं? दोन महिन्यांत घरात कुणी सरळ बोललं काय?"

दीपक भिंतीला टेकून उभा होता. त्याने डोळे पुसले आणि कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे पाहिलं. मी पाहिलं होतं.

साहेब म्हणाले, कमलबाईंचा जबाब नोंदवला जाईल आणि पुढचं कायद्याप्रमाणे होईल. झिपरूने तक्रार नसल्याचं लिहून दिलंच होतं. मग त्यांनी रिव्हॉल्व्हरकडे बोट दाखवलं. "हे असं धोकादायक ठेवता येणार नाही. पाटील, तुम्ही दुरुस्त करता?"

"मिस्त्री बसलेत की समोर," मी म्हटलं.

गफूरने आपले हात पुढे केले. ते कापत होते, इतक्या दिवसांच्या उपासाने की आणखी कशाने देव जाणे. "माहेनूर करील," तो म्हणाला.

आणि तिने केलं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. एकेक भाग काढून गरम पाण्यात घातला, थर मऊ करून लाकडी काडीने खरवडला, धातूला लोखंड लागू दिलं नाही. मग पाणी पूर्ण वाळवलं, एक भाग तर फुंकर घालून तीनदा वाळवला, कारण पाणी राहिलं तर गंज पकडतो. तेलाचा थेंब सुईच्या टोकाने दिला. मी आणि गफूर दोन्ही बाजूंनी मान लांब करून बघत होतो आणि दोघांनाही टोकायला जागा सापडत नव्हती. हे फार त्रासदायक असतं.

चाप ओढून सोडला तसा तो 'टक' करून पूर्ण पुढे बसला. नळीत पेन्सिल सोडून तिने तो लाकडी मुठीचा पेचकस माझ्या हातात दिला. मी घोड्यावर ठोकलं, एकदा, दोनदा, मग जरा रागानेच तिसऱ्यांदा. पेन्सिल हलली नाही.

"सुरक्षित," मी म्हटलं आणि अहवालावर सही केली. कामाच्या रकान्यात माहेनूरचं नाव लिहिलं.

साहेबांनी दुकानाचं सील काढायचा हुकूम दिला. रिव्हॉल्व्हरची पावती नेहेतेंकडे सरकवून म्हणाले, "नूतनीकरणाचं पुढे बघू. सध्या ठाण्यात राहील, नंतर घेऊन जा."

नेहेतेंनी ती बोटाने परत ढकलली. "नको साहेब. माझा परवानाही जमा करून घ्या. घरात राग आणि हे, दोन्ही एकत्र ठेवायला नको."

आम्ही सगळे गफूरच्या दुकानाकडे गेलो. बोरसे मॅडमच्या माणसाने सील तोडलं आणि माहेनूरने कुलूप उघडलं. आबेदाभाभी फूटपाथवर चहाची किटली घेऊन उभ्या होत्या. माहेनूरने शटर उचललं तर ते गुडघ्यापर्यंत आलं आणि अडकलं. तिने जोर लावला, मी लावला, काही उपयोग नाही. गफूर म्हणाला, "इतके दिवस बंद ना, धूळ खाल्ली असेल." मी म्हटलं, "जिल्ह्याच्या बंदुका दुरुस्त करता आणि स्वतःचं शटर उघडता येत नाही!"

तो हसला. मोठ्याने हसला, पोट धरून.

नेहेते बाह्या सरसावून पुढे झाले. शटरच्या डाव्या टोकाला खांदा लावला आणि उजव्या टोकाकडे न बघताच म्हणाले, "दीपक, बघतोस काय? तिकडून लाव."

दीपक क्षणभर थांबला. कमलबाईंनी माझी बाही घट्ट धरली होती. मग तो गेला, वाकला, दुसऱ्या टोकाला खांदा लावला.

"एक, दोन," काका म्हणाले.

"तीन," पुतण्या म्हणाला आणि शटर खडखडत वर गेलं.